हायब्रिड गाडीत स्कॅनगेज-२: मायलेजच्या आकड्यापेक्षा त्यामागची कारणे दाखवणारे उपकरण

हायब्रिड गाडी घेणाऱ्याला इंधनाचा हिशेब दाखवणारा पडदा गाडीसोबतच मिळतो. त्या क्षणाचे मायलेज, टाकी भरल्यापासूनची सरासरी, बॅटरीचे चित्र आणि इंजिन, मोटर, बॅटरी व चाके यांच्यात ऊर्जा कुठून कुठे चालली आहे हे दाखवणारे बाण, एवढे सगळे त्यावर असते. तेव्हा डॅशबोर्डवर आणखी एक यंत्र का बसवावे, हा प्रश्न स्कॅनगेज-२ विकत घेण्यापूर्वी विचारायलाच हवा. टोयोटा प्रियसच्या दुसऱ्या पिढीच्या गाडीत हे उपकरण दीर्घकाळ वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, केवळ मायलेजचा आकडा पाहण्यासाठी ते घेण्याची गरज नाही. मात्र तो आकडा आज असा का आला, हे जाणून घ्यायचे असेल तर साध्या पेट्रोल गाडीपेक्षा हायब्रिडमध्ये त्याचा उपयोग कितीतरी अधिक आहे.

स्कॅनगेज-२ हे लिनिअर लॉजिक या अमेरिकी कंपनीचे उपकरण आहे. ते तळहातावर मावते, त्याच्या लहान पडद्यावर एका वेळी चार आकडे दिसतात आणि त्याला स्वतःची बॅटरी लागत नाही. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला असलेल्या ओबीडी-२ पोर्टमध्ये, म्हणजे गाडीच्या संगणकातील माहिती बाहेर देणाऱ्या जोडणीत, त्याची केबल जोडली की वीज आणि माहिती दोन्ही तिथूनच मिळतात. हा सोळा पिनांचा पोर्ट अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना सक्तीचा झाला, तो प्रदूषणनियंत्रणाच्या यंत्रणेत बिघाड झाल्यास कळावे म्हणून. इंजिनाचे फेरे, वेग, कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान, आत येणाऱ्या हवेचे वजन अशी माहिती तो मागितली की देतो. ‘आत्ता किती पेट्रोल जळत आहे’ याचे थेट उत्तर मात्र बहुतेक जुन्या गाड्यांत त्यातून मिळत नाही, आणि या परीक्षणातील निम्मे बारकावे त्यातूनच निघतात.

बसवणे सोपे आहे. केबल पायांत येणार नाही, उपकरण एअरबॅगच्या मार्गात नसेल आणि रस्ता झाकला जाणार नाही, एवढे पाहिले की झाले. मात्र सुरुवातीच्या मांडणीत इंधनाचा प्रकार विचारला जातो तेव्हा ‘पेट्रोल’ न निवडता ‘हायब्रिड’ हाच पर्याय निवडावा लागतो. साध्या गाडीत इंजिनाचे फेरे शून्य झाले म्हणजे गाडी बंद झाली असे उपकरण समजते आणि झोपी जाते. हायब्रिडमध्ये तर प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक उतारावर इंजिन थांबते. हा पर्याय न निवडल्यास प्रवासाचा हिशेब मधूनमधून तुटतो आणि नेमके इंजिनाविना कापलेले अंतर त्यातून निसटते.

आता हिशेबाच्या पद्धतीकडे वळू. प्रियसमध्ये इंजिनात शिरणाऱ्या हवेचे वजन मोजणारा सेन्सर असतो. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी त्याच्या साधारण १४.७ पट वजनाची हवा लागते आणि एका लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास असते. त्यामुळे दर सेकंदाला एक ग्रॅम हवा आत जात असेल तर ताशी सुमारे एक तृतीयांश लिटर पेट्रोल जळते, असे गणित मांडता येते. ताशी ६० किलोमीटरच्या स्थिर वेगाला हवेचा प्रवाह सेकंदाला सहा ग्रॅम असेल तर ताशी जवळपास दोन लिटर, म्हणजे लिटरला तीस किलोमीटर. उपकरण हेच गणित सतत करत राहते आणि त्याची बेरीज ठेवते. ज्या गाड्यांत हवेच्या वजनाचा सेन्सर नसतो, तिथे इनटेकमधील दाब, हवेचे तापमान, फेरे आणि इंजिनाची क्षमता यांवरून हवेचा अंदाज बांधला जातो. तो अर्थातच अधिक ढोबळ असतो.

हे गणित ज्या गृहीतकावर उभे आहे, ते सर्वत्र लागू होत नाही. पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळलेले असेल तर तेवढ्याच हवेला तीन-चार टक्के अधिक इंधन लागते आणि उपकरणाचा आकडा तेवढा आशावादी होतो. १९९९ मध्ये आलेल्या होंडा इनसाइटच्या पहिल्या पिढीतील इंजिन हलक्या भारावर पेट्रोलच्या मानाने बरीच जास्त हवा घेऊन चालत असे; तिथे हवेवरून काढलेले पेट्रोल प्रत्यक्षापेक्षा जास्त भरणार हे उघड आहे. प्रियसमध्ये ही अडचण नाही, पण दुसरी आहे. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये ताशी साधारण ६७ किलोमीटरच्या वर इंजिन पूर्ण थांबवता येत नाही, कारण ते थांबले तर जनरेटरचा वेग मर्यादेबाहेर जाईल. म्हणून त्या वेगाला पाय उचलल्यावर पेट्रोल बंद होते, पण इंजिन फिरत राहते आणि हवाही आत-बाहेर होत राहते. उपकरणाला हवा दिसते, म्हणून ते पेट्रोलही मोजू लागते. यावर उपाय म्हणून ‘कटऑफ’ नावाची एक मांडणी दिलेली आहे: थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेची, उघडीप ठराविक आकड्याच्या खाली गेली की इंधन शून्य धरायचे. तो आकडा आपल्या गाडीसाठी शोधून भरावा लागतो, आणि मोठ्या रस्त्यावर पुष्कळ गाडी चालवणाऱ्याने तो शोधण्याचे कष्ट घ्यावेत असे मी आग्रहाने सांगेन.

उरलेली तफावत टाकी भरताना दुरुस्त करता येते. पंपावर भरलेले लिटर उपकरणात नोंदवले की ते स्वतःच्या आकड्याशी ताडून पुढच्या हिशेबासाठी आपला गुणक बदलते. कल्पना उत्तम आहे, पण एकाच वेळच्या भरणीवर विश्वास ठेवू नये. नोझल कुठे आपोआप बंद झाली, गाडी किती कललेली होती, पेट्रोल थंड होते की तापलेले, यांवर हा आकडा हलतो. तापमानात दहा अंशांचा फरक पडला तरी पेट्रोलचे आकारमान सुमारे एक टक्क्याने बदलते. उत्तर अमेरिकेत विकल्या गेलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसच्या टाकीत तर वाफ रोखण्यासाठी लवचिक पिशवी बसवलेली होती, त्यामुळे ‘टाकी फुल’ या शब्दांना दर वेळी वेगळा अर्थ येत असे. तीन-चार भरण्यांची बेरीज घेऊन एकदाच दुरुस्ती करणे हा त्यातला शहाणपणाचा मार्ग. वेगाचेही तसेच आहे: गाडीचा वेगमापक मुद्दाम थोडा जास्त वेग दाखवतो, पोर्टमधून येणारा वेग बहुधा खऱ्याच्या अधिक जवळ असतो, आणि तरीही झिजलेल्या किंवा वेगळ्या मापाच्या टायरसाठी टक्केवारीत दुरुस्ती करण्याची सोय उपकरणात आहे. एवढे सगळे नीट केल्यावर उपकरणाची दीर्घकालीन सरासरी पंपावरच्या हिशेबाशी इतकी जुळते की त्याबद्दल तक्रार करण्यासारखे काही राहत नाही.

आकडा कोणत्या स्वरूपात पाहावा, हेही सांगितले पाहिजे. मैल आणि गॅलनच्या मांडणीत इंजिन बंद असताना उपकरण ९९९९ असा आकडा दाखवते. तो पाहायला मजा येते, पण त्यातून काही समजत नाही. मी १०० किलोमीटरला किती लिटर, हे स्वरूप वापरतो. त्यात इंजिन बंद म्हणजे शून्य, आणि निरनिराळ्या टप्प्यांची तुलनाही सरळ होते. लिटरला किलोमीटर या स्वरूपात निम्मे अंतर दहाने आणि निम्मे तीसने कापले तर मन चटकन वीस म्हणते. प्रत्यक्षात उत्तर पंधरा येते. हायब्रिडचे आकडे क्षणाक्षणाला दोन टोकांना जात असल्याने या फसगतीला तिथे फार वाव असतो.

पण खरा घोटाळा त्याहून खोलवर आहे, आणि तो कोणत्याही दुरुस्तीने मिटत नाही. हायब्रिडमध्ये पेट्रोल आज जळते आणि त्याचे अंतर उद्या कापले जाते, किंवा याच्या उलट. बॅटरी ही उधारीची वही आहे. त्या वहीकडे न बघता काढलेला एका फेरीचा नफा खोटा असतो. दुसऱ्या पिढीच्या प्रियसची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी १६८ सेलची, २०१.६ व्होल्टची आणि ६.५ अँपिअर-तासांची आहे, म्हणजे तिची एकूण साठवण १.३ युनिट. गाडी तिला साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यानच ठेवते, तेव्हा वापरात येणारी वीज जेमतेम अर्धा युनिट. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट उष्णता असते, पण इंजिन, जनरेटर आणि बॅटरी यांतला तोटा वजा केल्यावर त्यातले अडीच-तीन युनिटच बॅटरीच्या मार्गाने कामी येतात. समजा पाच किलोमीटरच्या फेरीत बॅटरी ६० टक्क्यांवरून ५० वर आली, तर सुमारे ५० मिलिलिटर पेट्रोलची उधारी झाली. त्या फेरीला लिटरला वीसच्या हिशेबाने २५० मिलिलिटर लागायला हवे होते. उपकरण मात्र २०० दाखवेल आणि चालक लिटरला पंचवीस मिळाल्याच्या आनंदात राहील. दुसऱ्या दिवशी बॅटरी भरून काढताना तीच गाडी ‘बिघडलेली’ वाटते. शंभर किलोमीटरच्या प्रवासात हा फरक विरून जातो, पण रोजच्या लहान फेऱ्यांत तो इतर सर्व कारणांना झाकून टाकतो.

स्कॅनगेज-२ची उपयुक्तता इथूनच सुरू होते. त्यात ‘एक्स-गेज’ नावाची सोय आहे, जिच्याद्वारे प्रमाणित यादीत नसलेली, त्या त्या गाडीच्या स्वतःच्या संगणकांतील माहिती मागवता येते. प्रियसच्या बाबतीत बॅटरीची टक्केवारी, तिच्यात येणारा-जाणारा करंट आणि तिचे तापमान अशा प्रकारे पाहता येते. गाडीच्या पडद्यावर बॅटरीचे आठ खण असतात आणि एका खणात कित्येक टक्के सामावलेले असतात. उपकरणावर तोच आकडा टक्क्यांत दिसतो. फेरी सुरू होताना आणि संपताना तो सारखा असेल तरच त्या फेरीच्या मायलेजवर विश्वास ठेवायचा, हा नियम मी पाळू लागलो तेव्हापासून दोन मार्गांची किंवा टायरमधील हवेच्या दोन दाबांची तुलना करण्यात काही अर्थ उरू लागला.

दुसरा आकडा कूलंटच्या तापमानाचा. चारांपैकी एकच चौकट ठेवायची परवानगी असती तर मी हाच आकडा ठेवला असता. थंड गाडी सुरू केल्यावर इंजिन पहिला सुमारे एक मिनिट मुख्यतः एक्झॉस्टमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील प्रदूषण कमी करणारा भाग) तापवण्यासाठी चालते आणि त्या काळात जमेल तितकी गाडी बॅटरी ओढते. त्यानंतरही कूलंट साधारण ४० अंशांवर जाईपर्यंत सिग्नलला इंजिन थांबत नाही. ४० ते ७० अंशांच्या दरम्यान ते थांबते, पण अनिच्छेने. आणि ७० च्या वर गेल्यावरच हायब्रिड यंत्रणा पूर्ण मोकळेपणाने काम करते. गाडीच्या डॅशबोर्डवर यातले काहीच दिसत नाही, कारण दुसऱ्या पिढीच्या प्रियसला तापमानाचा काटाच नाही. त्यामुळे लहान फेऱ्या करणाऱ्या चालकाला आपले मायलेज जाहिरातीतल्यापेक्षा इतके कमी का, हे कोडेच राहते. तापमान समोर दिसू लागले की कोडे सुटते: घरापासून तीन किलोमीटरवरचे काम संपते तेव्हा इंजिन नुकतेच तापू लागलेले असते. दोन कामे वेगवेगळ्या वेळी करण्याऐवजी एकामागून एक केली तर दुसऱ्या फेरीला इंजिन गरम मिळते, आणि त्यातून जी बचत होते ती अ‍ॅक्सिलरेटरवर पाय जपून ठेवण्याच्या कोणत्याही कसरतीतून होत नाही. या समस्येची टोयोटाच्या अभियंत्यांनाही पूर्ण जाणीव होती. उत्तर अमेरिकेतील दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये सुमारे तीन लिटर गरम कूलंट साठवणारा थर्मास बसवलेला होता, आणि तिसऱ्या पिढीत त्याऐवजी एक्झॉस्टची उष्णता कूलंटकडे वळवणारी व्यवस्था आली.

थंडीत केबिनचा हीटर जोरात ठेवला की तापमान कसे घसरते आणि उभ्या गाडीत इंजिन केवळ उष्णतेसाठी पुन्हा कसे सुरू होते, हेही याच आकड्यावर स्पष्ट दिसते. एसीचा प्रकार वेगळा. या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, म्हणून एसी लावल्याबरोबर पेट्रोलचा आकडा हलत नाही. हलतो तो बॅटरीचा करंट. पेट्रोलची वसुली काही मिनिटांनी, इंजिन बॅटरी भरायला सुरू झाल्यावर होते. कारण आणि परिणाम यांच्यात असे अंतर पडत असल्यामुळेच केवळ मायलेजचा पट्टा बघून हायब्रिड चालवायला शिकता येत नाही.

करंटची चौकट पाय सुधारायला उपयोगी पडते. सपाट रस्त्यावर इंजिन बंद ठेवून, बॅटरीतून वीज जात नाही आणि येतही नाही अशा स्थितीत गाडी घरंगळू देणे, हा हायब्रिड काटकसरीने चालवणाऱ्यांचा आवडता डाव आहे. गाडीच्या पडद्यावर बाण नाहीसे होतात तेव्हा ती स्थिती आली असे मानतात, पण करंट शून्याच्या जवळ किती आहे हे उपकरणावरच कळते. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला तर गाडी हलकेच चार्जिंग करू लागते आणि वेग नाहक घटतो. अगदी किंचित दाबून ठेवला तर दोन्ही प्रवाह थांबतात. यासाठी काही जण गिअर न्यूट्रलला टाकतात, ते मला पटत नाही, कारण न्यूट्रलमध्ये या गाडीची बॅटरी चार्ज होत नाही आणि ब्रेक लावण्याची वेळ आली तर परत मिळू शकणारी ऊर्जा उष्णतेत वाया जाते. ब्रेकच्या बाबतीतही करंट उद्बोधक ठरतो: लांबून, हळुवार ब्रेक लावल्यास तो बराच वेळ मध्यम राहतो, आणि जोराने लावल्यास क्षणभर उसळी मारून काम साध्या घर्षणाच्या ब्रेककडे जाते. बॅटरीच्या तापमानाची चौकट मी रोज ठेवत नाही, पण उन्हाळ्यात अधूनमधून पाहतो. बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याची हवा मागच्या सीटशेजारच्या जाळीतून जाते आणि ती जाळी धुळीने किंवा सामानाने बुजली तर ते गाडीच्या मायलेजपेक्षा मोठे नुकसान असते.

आता उणिवा. एक्स-गेज भरण्याची पद्धत जुन्या वळणाची आहे. प्रत्येक आकड्यासाठी पाच वेगवेगळ्या सांकेतिक ओळी, एकेक अक्षर बटण दाबत निवडून भराव्या लागतात, आणि एक अक्षर चुकले तर चौकटीत काही उमटत नाही किंवा निरर्थक आकडा उमटतो. हे काम गाडी उभी असतानाच, वेळ हाताशी ठेवून करावे. पडद्यावर आकडेच दिसतात, आलेख नाही. आजचा, कालचा, चालू फेरीचा आणि टाकीचा असे चार हिशेब साठवले जातात. त्यापलीकडचा इतिहास हवा असेल तर वहीत लिहून ठेवणे भाग आहे. वेग पोर्टमधून पूर्णांकातच येतो, त्यामुळे अगदी कमी वेगाला क्षणाचे मायलेज उड्या मारते. चारही चौकटींत जड माहिती मागितली की प्रत्येक आकडा ताजा व्हायला थोडा वेळ लागतो, हेही जाणवते.

याला पर्याय म्हणजे पोर्टमध्ये बसणारा ब्लूटूथ अडॅप्टर आणि मोबाइलवरील अ‍ॅप. आलेख, नोंदी, नकाशा सगळे त्यात मिळते आणि खर्चही कमी येतो. मी वापरलेला एक स्वस्त अडॅप्टर बॅटरीच्या संगणकाशी बोलताना मध्येच गप्प होई, आणि गाडी बंद झाल्यावरही झोपत नसे. पोर्टला गाडी बंद असतानाही वीज मिळत राहते आणि हायब्रिडमधील १२ व्होल्टची बॅटरी लहान असते, तेव्हा अशा न झोपणाऱ्या अडॅप्टरमुळे एका आठवड्यात गाडी सुरू न होण्याची वेळ येऊ शकते. चांगल्या प्रतीचा अडॅप्टर घेतला तर हा आक्षेप उरत नाही. तरीही गाडीत बसल्याबरोबर काही न करता समोर चार आकडे उजळणे, मोबाइलची जोडणी झाली की नाही हे बघावे न लागणे, याचे मोल रोजच्या वापरात कळते. विश्लेषणाची आवड असणाऱ्याने अ‍ॅप घ्यावे. गाडी चालवताना एका नजरेत उत्तर हवे असणाऱ्याने हे उपकरण.

चेक-इंजिनचा दिवा लागला तर त्यामागचा कोड वाचता येतो आणि पुसताही येतो. वाचणे उपयोगी आहे. पुसण्याची घाई करू नये, कारण त्यासोबत गाडीने स्वतःच्या केलेल्या तपासण्यांची नोंदही पुसली जाते आणि प्रदूषण चाचणीच्या आधी ती पुन्हा पूर्ण व्हायला बरेच अंतर चालवावे लागते. गाडी सर्व्हिसला देताना केबल काढून ठेवावी, म्हणजे कार्यशाळेतील तपासणी यंत्राला अडथळा होत नाही. गाडी काही आठवडे उभी राहणार असेल तरीही ती काढावी.

माझ्या गाडीत सध्या १०० किलोमीटरमागे लिटर, कूलंटचे तापमान, बॅटरीची टक्केवारी आणि करंट अशा चार चौकटी आहेत. इंजिनाचे फेरे मी काढून टाकले, कारण इंजिन चालू आहे की बंद हे कानाला कळते आणि ते किती फिरवायचे हे तसेही गाडीच ठरवते. तुमची हायब्रिड वेगळी असेल तर खरेदीपूर्वी एक गोष्ट अवश्य तपासा: त्या मॉडेलच्या बॅटरीची टक्केवारी आणि करंट यांचे एक्स-गेज कोड निर्मात्याच्या यादीत आहेत का. नसतील तर हातात फक्त मायलेजचा आकडा उरतो, आणि तो तुमच्या गाडीच्या पडद्यावर फुकट दिसतो आहे.